दिव्याची वायर कुठे जोडली आहे?

एक्स-रे रूमच्या दारावर लाल दिवा असतो. तो लागला की आत एक्स्पोजर, म्हणजे किरण सोडणं, चालू आहे, दार उघडायचं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या दारावरचा दिवा सकाळी मेन स्विच ऑन केला की लागायचा आणि संध्याकाळी मशीन बंद केलं की विझायचा. मधले आठ तास तो नुसता लाल. लोक त्याच्याखाली उभे राहून गप्पा मारायचे.

एके दिवशी छातीचा एक्स-रे चालू होता. "श्वास रोखून धरा" म्हणत मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी वॉर्डातल्या मावशी व्हीलचेअर ढकलत थेट आत आल्या. मी ओरडले. खूपच ओरडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तो दिवा तर कायमच लागलेला असतो."

त्यांना काही झालं नाही, होणारही नव्हतं. दाराशी पोहोचणारं विखुरलेलं रेडिएशन नगण्य असतं. पण त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. कायम लागलेला दिवा काहीच सांगत नाही. मी इलेक्ट्रिशियनला बोलावून वायर पाहिली तेव्हा कळलं की दिवा एक्स्पोजरच्या सर्किटला नव्हे, मशीनच्या मेन सप्लायला जोडलाय. ती वायर बदलून घ्यायला चार महिने आणि तीन अर्ज लागले. तोवर मी दारावर हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता.

हे आठवायचं कारण म्हणजे अणुऊर्जेवरचा एक वाद. परवा घरच्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेटला. एका बाजूला "अणुवीज म्हणजे टाइमबॉम्ब", दुसऱ्या बाजूला "अडाणी लोकांना विज्ञान कळत नाही". मी चोवीस वर्षं रेडिएशनमध्ये काम करते म्हणून दोघांनीही मलाच टॅग केलं. मी तेव्हा काही लिहिलं नाही. इथे लिहिते.

माझ्या त्या दिव्याचा एक थोरला भाऊ आहे. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड या अणुवीज प्रकल्पाच्या दुसऱ्या युनिटच्या कंट्रोल पॅनेलवर तो होता. २८ मार्च १९७९, पहाटेचे चार. पाणी पुरवणारे पंप बंद पडले, टर्बाइन थांबलं, काही सेकंदांत अणुभट्टीही ठरल्याप्रमाणे आपोआप बंद झाली. दाब वाढला म्हणून वरची एक रिलीफ झडप उघडली. दाब उतरला की ती मिटायला हवी होती. ती अडकली, उघडीच राहिली, आणि तिच्यातून भट्टी थंड ठेवणारं पाणी वाहून जाऊ लागलं. पॅनेलवर त्या झडपेसाठी एक दिवा होता. दिवा विझला की झडप मिटली असं समजायचं. तो विझला.

मेख इथे आहे. तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. झडपेला "मीट" असा विजेचा आदेश गेला की तो विझायचा. झडपेने आदेश पाळला की नाही हे त्याला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

शंभरावर अलार्म एकदम वाजत होते. झडपेच्या पुढच्या पाइपचं तापमान वाढलेलं दिसत होतं, पण ती झडप आधीपासूनच थोडी गळत होती, त्यामुळे ते आकडे नेहमीचेच वाटले. पाणी जास्त झालंय असा समज होऊन ऑपरेटरांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठा उलट कमी केला. भट्टी आतून कोरडी पडत चालली होती आणि हे लोक ती भरून वाहील या भीतीने तोटी आवळत होते. दोन तासांहून जास्त वेळ गेल्यावर बाहेरून आलेल्या एका सुपरवायझरने नव्या नजरेने पाहिलं आणि पुढची दुसरी झडप बंद करायला लावली. तोवर उशीर झाला होता. भट्टीचा जवळपास अर्धा गाभा, म्हणजे आतलं इंधन, वितळला.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी इथे त्याच कंपनीच्या बनावटीच्या भट्टीत अशीच झडप अडकली होती आणि तिथल्या ऑपरेटरांनीही हीच चूक केली होती. भट्टी कमी क्षमतेवर चालू होती म्हणून निभावलं. बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनीअरांनी इशाऱ्याचे मेमो लिहिले. ते मेमो थ्री माइल आयलंडच्या ऑपरेटरांपर्यंत कधी पोहोचलेच नाहीत. तीन अर्जांची माझी हकिगत यापुढे फारच किरकोळ, पण ओळखीची वाटली खरी.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर त्या अपघातात बाहेर फार थोडं रेडिएशन गेलं. आसपासच्या सुमारे २० लाख लोकांना सरासरी ०.०१ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं माप). छातीच्या एका एक्स-रेहूनही कमी. काँक्रीटच्या बाहेरच्या कवचाने आपलं काम चोख केलं. तरी दोन दिवसांनी त्या राज्याचे गव्हर्नर थॉर्नबर्ग यांनी आठेक किलोमीटरच्या आतल्या गरोदर स्त्रिया आणि शाळेच्या वयाआधीच्या मुलांनी निघून जावं असं सुचवलं आणि प्रत्यक्षात दीड लाखाच्या आसपास माणसं गाड्या काढून निघाली.

माझ्यासारखे लोक हा किस्सा हसत हसत सांगतात. एका एक्स-रेपेक्षा कमी डोसला घाबरून पळाले! मीही सांगायचे. पण त्या काही दिवसांत लोकांना काय काय ऐकायला मिळालं ते एकदा सलग वाचावं. आधी सगळं काबूत आहे. मग थोडं बाहेर गेलंय. मग दारं-खिडक्या लावून घरात बसा. मग आत हायड्रोजनचा बुडबुडा आहे आणि तो फुटू शकतो. (फुटू शकत नव्हता. आत ऑक्सिजनच नव्हता, हिशेबच चुकला होता.) शेजारची बाई लहान मूल घेऊन या चार वाक्यांवरून काय ठरवणार? तिच्यापुढचा दिवाही झडपेला जोडलेला नव्हता. "काबूत आहे" हे वाक्य म्हणजे दिलेला आदेश होता, आतली स्थिती नव्हे.

आता एक जुनी पाहणी सांगते, कारण ती जणू माझ्यासाठीच केली होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० गोष्टींची यादी लोकांना दिली आणि धोक्याच्या क्रमाने लावायला सांगितली. मोटारी, सिगारेट, पोहणं, लसी, सगळं त्यात. महिला मतदारांच्या एका संघटनेने आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी, दोन्ही गटांनी अणुवीज पहिल्या क्रमांकावर ठेवली. तज्ज्ञांनी ठेवली विसाव्या. याच यादीत एक्स-रेही होते. त्या महिलांनी त्यांना दिला बाविसावा क्रमांक, तज्ज्ञांनी सातवा.

रेडिएशन तेच. पेशीला ते भट्टीतून आलंय की माझ्या ट्यूबमधून, हे कळत नाही.

हे मी रोज पाहते. पोटाच्या सीटी स्कॅनला साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट जातात. जगभरातल्या माणसांना निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिळतात, म्हणजे एका सीटीत तीन-चार वर्षांचं निसर्गाचं देणं पाच मिनिटांत. पण "आत्ताच तर झालाय, पुन्हा कशाला?" असं विचारणारा नातेवाईक मला महिन्यातून एखादा भेटतो. "डॉक्टर लिहीत नाहीयेत, पण तुम्ही एकदा पूर्ण बॉडीचा काढूनच टाका ना ताई" म्हणणारे रोज. उलट ज्यात असलं रेडिएशन अजिबात नसतं त्या एमआरआयच्या मूळ नावात "न्यूक्लिअर" शब्द होता, न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. त्या शब्दाने रुग्ण बिचकतात म्हणून रुग्णालयांतून तो गळाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इथवर लिहून थांबले असते तर मी ग्रुपमधल्या दुसऱ्या बाजूची झाले असते. बरीच वर्षं होतेही. आमचे एक रेडिओलॉजिस्ट सर म्हणायचे, लोकांना आकडे समजत नाहीत, आणि मी मान डोलवायचे. माझं मत हललं ते स्वतःच्या बॅजमुळे.

आम्ही छातीला टीएलडी बॅज लावतो. छोटीशी पट्टी. दर तीन महिन्यांनी ती मोजणीला जाते आणि कोणाला किती डोस मिळाला याची यादी येते. माझ्या नावापुढे वर्षानुवर्षं जवळजवळ शून्य. एकदा यादी आली आणि माझ्यापुढे ११ मिलिसिव्हर्ट. एका तिमाहीत. आमची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०. म्हणजे मर्यादा ओलांडली नव्हती, आणि ११ चा अर्थ काय हे मला पाठ होतं: कॅन्सरच्या शक्यतेत झालीच तर कणभर वाढ, एका मोठ्या सीटीइतकी. हजार रुग्णांना मी हे समजावलंय. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आकड्याची भीती नव्हती. तो आकडा कुठून आला हे कळत नव्हतं, याची होती. मशीन गळतंय का? भिंतीचं शिसं कुठे उघडं पडलंय का? आणि हे तीन महिन्यांपूर्वीचं, म्हणजे आजही चालूच असेल का? ऑफिसातून पहिला प्रश्न आला तो असा: "बॅज कुठे टाकला होतात?" लेखी खुलासा द्या. दुसरं वाक्य: "काळजीचं कारण नाही." ज्याने मशीनकडे पाहिलंही नव्हतं त्याने मला सांगितलं की काळजीचं कारण नाही. त्या वाक्याने मी जितकी घाबरले तितकी आकड्याने घाबरले नव्हते.

मग बाहेरून एक मेडिकल फिजिसिस्ट आले. तरुण मुलगा. पहिलंच वाक्य म्हणाला, "मॅडम, मला अजून काही माहीत नाही, आपण दोघं मिळून शोधू." तीन तास तो आणि मी रेडिएशन मोजायचा सर्व्हे मीटर घेऊन भिंती, दारं, ट्यूब, सगळं फिरलो. गळती नव्हती. शेवटी तो म्हणाला, ड्यूटी संपल्यावर बॅज कुठे असतो? लेड अॅप्रनलाच अडकवलेला. आणि अॅप्रन? रंगकामाच्या वेळी अॅप्रनची खुंटी हलवून आतल्या भिंतीवर, छातीचे एक्स-रे काढतात त्या चेस्ट स्टँडच्या शेजारी ठोकली होती. दुसऱ्या पाळीचे एक्स-रे माझा बॅज आतच लटकून खात होता. आकडा खरा होता, पण तो माझा नव्हता, खुंटीचा होता.

ऑफिसचा पहिला संशय तसा बरोबरच निघाला, हे मान्य. पण मला झोप लागली ती त्या मुलाच्या "माहीत नाही"मुळे.

थ्री माइल आयलंडमध्येही असा एक माणूस होता. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अणुऊर्जा नियामक आयोगातल्या हॅरॉल्ड डेंटन यांना तिथे पाठवलं. काय कळलंय, काय कळलेलं नाही, हे ते साध्या शब्दांत सांगायचे, आणि वातावरण निवळायला तिथून सुरुवात झाली. नंतर या अपघाताची चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाने जे लिहिलं त्याचा आशय असा, की अणुप्रकल्प पुरेसे सुरक्षित आहेत ही समजूत सोडा. हे तंत्रज्ञान मुळातच धोक्याचं आहे असं धरून चाला आणि केलेले उपाय पुरतात का हे सतत विचारत राहा. ऑक्टोबर १९७९ चा हा अहवाल.

जपानने याच्या उलट केलं. तिथे या प्रकाराला स्वतःचा शब्दच आहे: "आन्झेन शिन्वा", सुरक्षिततेची दंतकथा. अपघात होऊच शकत नाही, असं गावकऱ्यांना इतकी वर्षं सांगितलं की नवा बंदोबस्त करायचा म्हणजे आधीचं बोलणं खोटं होतं असं कबूल करण्यासारखं झालं. फुकुशिमा दाइइची चालवणाऱ्या टेप्को कंपनीच्याच २००८ च्या अंतर्गत हिशेबात १५.७ मीटरची त्सुनामीची लाट येऊ शकते असं निघालं होतं. प्रकल्पाची तयारी सुमारे ६ मीटरच्या लाटेची. आकडा कागदावर राहिला. ११ मार्च २०११ ला लाट आली ती १४-१५ मीटरची, आणि भट्ट्या थंड ठेवायला वीज देणारे, खाली असलेले डिझेल जनरेटर बुडाले. भूकंपाच्या केंद्राला याहून जवळ असलेला ओनागावा प्रकल्प दुसऱ्या कंपनीने जवळपास १५ मीटर उंचावर बांधला होता. तो तगला, इतका की घरं वाहून गेलेले गावकरी त्याच प्रकल्पाच्या जिममध्ये आसऱ्याला येऊन राहिले. अणुविरोधाच्या घोषणा देणाऱ्यांनी आणि समर्थनाच्या, दोघांनीही ओनागावाची गोष्ट पुरेशी सांगितलेली नाही असं मला वाटतं. ती दोघांनाही गैरसोयीची आहे.

फुकुशिमात लोकांचं काय झालं? नामिए गावची माणसं भट्टीपासून दूर म्हणून त्सुशिमा भागात गेली. वारं नेमकं तिकडेच वाहत होतं. वारा किरणोत्सारी द्रव्य कुठे नेईल याचा अंदाज देणारी सरकारी संगणकप्रणाली होती, तिचे नकाशेही निघत होते, ते गावाला कोणी दिले नाहीत. गाभा वितळलाय हे कंपनीने मे महिन्यात मान्य केलं, आणि "मेल्टडाउन" हा शब्द वापरू नका अशी सूचना खुद्द कंपनीच्या अध्यक्षांनी दिली होती हे २०१६ मध्ये बाहेर आलं.

आता याची दुसरी बाजू, जी मला जास्त छळते, कारण मी रुग्णालयात काम करते. प्रकल्पाजवळच्या एका रुग्णालयातले आणि त्याच्या वृद्धाश्रमातले अंथरुणाला खिळलेले रुग्ण बसमध्ये घालून तासन् तास फिरवले. चाळीसहून अधिक दगावले. रेडिएशनने नाही, हलवल्यामुळे. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला तिथल्या रहिवाशांमध्ये रेडिएशनमुळे झालेला आरोग्याचा दुष्परिणाम आढळला नाही. स्थलांतराच्या हालांनी आणि त्यानंतरच्या वर्षांनी मात्र फुकुशिमा प्रांतात दोन हजारांहून जास्त जीव घेतले असं सरकारी नोंदी सांगतात. भीतीचाही डोस असतो, तो मात्र बॅजवर येत नाही. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातात चित्र उलटं होतं. तिथे घाबरायला हवं होतं तेव्हा कोणी घाबरू दिलं नाही. भट्टीशेजारच्या प्रिप्यात शहरातली माणसं दीड दिवस तशीच राहिली, आणि जगाला पहिली कुणकुण लागली ती स्वीडनमधल्या फोर्समार्क प्रकल्पात, एका कामगाराच्या बुटांवरून अलार्म वाजला तेव्हा. किरणोत्सार त्यांच्या भट्टीतून नव्हे, बाहेरून बुटाला लागून आत येत होता. त्या भागातल्या हजारो मुलांना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. किरणोत्सारी आयोडीन उतरलेलं दूध वेळेवर थांबवलं असतं तर त्यातला मोठा भाग टळला असता.

राजकारण्यांबद्दल थोडक्यातच, कारण रागाने लिहिलं जाईल. ऑस्ट्रियाने झ्वेंटेनडॉर्फचा प्रकल्प पूर्ण बांधला आणि मग १९७८ मध्ये सार्वमत घेतलं. ५०.४७ टक्के "नको". त्यात चॅन्सलर क्रायस्की यांना घरी पाठवायचं म्हणून "नको" म्हणणारेही होते. प्रकल्प एक दिवसही चालला नाही. जर्मनीत अँगेला मर्केल यांच्या सरकारने २०१० च्या शरद ऋतूत भट्ट्यांचं आयुष्य सरासरी १२ वर्षांनी वाढवलं, आणि २०११ च्या मार्चमध्ये, फुकुशिमानंतर तीन-चार दिवसांत, जुन्या भट्ट्या थांबवल्या. मर्केल स्वतः भौतिकशास्त्र शिकलेल्या, क्वांटम केमिस्ट्रीतल्या डॉक्टरेट. त्या सहा महिन्यांत जर्मन भट्ट्यांमध्ये काय बदललं? काही नाही. शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या, कोळशाच्या भट्ट्या चालू असताना, ज्यांचा धूर दर युनिट विजेमागे कितीतरी पट जास्त माणसं मारतो. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी अणुवीज २०५० पर्यंत तिप्पट करायची शपथ घेतली. काल टाइमबॉम्ब, आज हिरवी. दिवा कधी लाल, कधी हिरवा, वायर कुठे जाते ते बघायला कोणी पॅनेलच्या मागे जात नाही.

फिनलंडमध्ये मात्र कायद्यानेच गावाला नकाराधिकार आहे. वापरलेलं इंधन शेकडो मीटर खोल खडकात कायमचं पुरायचं ठरलं तेव्हा युराजोकीच्या नगरसभेत जानेवारी २००० मध्ये मतदान झालं. २० विरुद्ध ७, बाजूने. त्या गावात आधीपासून भट्ट्या होत्या, रोजगार होता, कराचं उत्पन्न होतं, हे सगळं खरं. पण त्यांना "नाही" म्हणता येत होतं, आणि ते सात जण तसं म्हणालेही.

तर ग्रुपवर मला टॅग करणाऱ्या दोघांना: अणुवीज मला कोळशापेक्षा कितीतरी सुरक्षित वाटते, आणि "काळजीचं कारण नाही" म्हणणाऱ्याच्या हातात ती द्यायला मी तयार नाही. यातलं एकच वाक्य उचलून फॉरवर्ड करू नका.

दाराच्या त्या दिव्याची वायर शेवटी बदलली. आता तो एक्स्पोजरपुरताच लागतो. गेल्या वर्षी त्याचा बल्ब उडाला आणि अर्धा दिवस कोणाला कळलंच नाही, कारण विझलेला दिवा म्हणजे आत काही चालू नाही असंच सगळे धरून चालले होते. त्या पहिल्या मावशी आता निवृत्त झाल्यात, पण जाताना नवीन आलेल्या मावशींना त्यांनी एक सवय लावून दिली. दिवा विझलेला असला तरी त्या दारावर दोनदा टकटक करतात आणि बाहेरूनच विचारतात, "ताई, बंद आहे ना? का नुसता दिवाच बंद आहे?"